संरक्षणाच्या रुपयाचा हिशेब

संरक्षणखर्च आणि देशाची अर्थव्यवस्था यांच्या नात्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही पत्रे बरीच लांब होती; ती मुद्द्यापुरती संक्षिप्त केली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे आकडे केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजांतील आहेत.

प्रश्न : संरक्षणावर जीडीपीच्या किमान तीन टक्के खर्च व्हावा, असे संसदीय समित्यांपासून निवृत्त सेनाधिकाऱ्यांपर्यंत अनेकजण सांगत आले आहेत. प्रत्यक्षात हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आहे. देशाच्या सुरक्षेबाबत सरकार हात आखडता घेत आहे, असे यावरून म्हणता येईल का? (एक प्राध्यापक, नाशिक)

आधी आकडा नीट पाहू. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये आहे. केंद्राच्या सुमारे ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चात तिचा वाटा १३.४५ टक्के भरतो आणि सुमारे ३५७ लाख कोटींच्या अंदाजित जीडीपीशी तिचे प्रमाण १.९ टक्के पडते. २०१३-१४ मध्ये हीच तरतूद सुमारे २.५३ लाख कोटी होती. म्हणजे बारा वर्षांत रुपयांत मोजलेली तरतूद २.७ पट झाली आणि तरीही जीडीपीशी असलेले तिचे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपासवरून खाली आले. यात विसंगती काही नाही, कारण अर्थव्यवस्था त्याहून वेगाने फुगली. या २.७ पटीतला मोठा भाग महागाईनेच खाल्ला, हेही अर्थातच लक्षात घ्यावे लागेल.

दुसरी अडचण अशी की ही टक्केवारी काढताना कोणता आकडा अंशस्थानी घ्यायचा, यावरच एकमत नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी संरक्षणासाठी २,०३,६७२ कोटी रुपये जाहीर केले होते. वर दिलेला २.५३ लाख कोटींचा आकडा त्याच वर्षाचा आहे. फरक मुख्यतः निवृत्तिवेतनाचा, जे त्या काळी संरक्षणाच्या जाहीर आकड्यात धरत नसत. २०१८ मध्ये ‘१९६२ नंतरचे सर्वांत कमी प्रमाण’ अशी टीका झाली, तेव्हा टीकाकारांनी सुमारे १.६ टक्के हा आकडा वापरला होता आणि त्यातही निवृत्तिवेतन वगळलेले होते. तेव्हा एखाद्या चर्चेत दोन वक्ते वेगवेगळ्या टक्केवाऱ्या सांगत असतील, तर त्यांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही; त्यांनी बेरजेत काय धरले आहे, ते विचारावे.

आता तीन टक्क्यांविषयी. आजच्या जीडीपीवर तीन टक्के म्हणजे साधारण १०.७ लाख कोटी रुपये, म्हणजेच सध्याच्या तरतुदीवर जवळपास ३.९ लाख कोटींची भर. केंद्राचे आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही मंत्रालयांचे अर्थसंकल्प एकत्र केले तरी ते २.३ लाख कोटींच्या आत राहतात. शिवाय केंद्राला २०२५-२६ मध्ये केवळ व्याजापोटी १२.७६ लाख कोटी रुपये द्यायचे आहेत. नवे कर, नवे कर्ज किंवा अन्य खात्यांना कात्री, यांपैकी काय पत्करायचे याचे उत्तर तीन टक्क्यांची मागणी करणारे सहसा देत नाहीत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपले प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेले होते. मिराज, मिग-२९, बोफोर्सच्या ४१० तोफा ही त्याच दशकातील खरेदी. त्याच दशकात वित्तीय तूट आणि परदेशी कर्जही वाढत गेले आणि त्याची परिणती १९९१ च्या परकीय चलन संकटात झाली. त्या संकटाची कारणे अनेक होती, सगळा दोष संरक्षणावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु त्यानंतर कात्री लागली ती संरक्षणालाही, आणि बोफोर्सनंतर नव्या तोफेचा करार होण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले.

‘नाटो’ देशांनी २०१४ मध्ये दोन टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवले आणि २०२५ मध्ये हेग येथे ते २०३५ पर्यंत पाच टक्क्यांवर नेण्याचे मान्य केले. त्यांपैकी साडेतीन टक्के प्रत्यक्ष लष्करी खर्चाचे आणि उरलेले दीड टक्का पायाभूत सुविधा वगैरेंचे. जपानने अनेक दशके एक टक्क्याची मर्यादा सांभाळली आणि २०२२ मध्ये २०२७ पर्यंत दोन टक्क्यांकडे जायचे ठरवले. अशी उद्दिष्टे मित्रराष्ट्रांत कोणी किती भार उचलायचा हे ठरवायला उपयोगी पडतात. आपल्याला असा भार कोणाशी वाटून घ्यायचा नाही. त्यामुळे ‘किती टक्के’ यापेक्षा ‘कशावर’ हा प्रश्न आपल्यासाठी अधिक कामाचा आहे, असे या स्तंभाचे मत आहे.

प्रश्न : मी तीस वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या पेन्शनमुळे फौजेला नवी हत्यारे घेता येत नाहीत, असे वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते. हे वाचून वाईट वाटते. यात तथ्य किती? (एक माजी सैनिक, सातारा जिल्हा)

आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शंभर रुपयांची फोड करावी लागेल. संरक्षणाच्या तरतुदीतील प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे २६ रुपये ४३ पैसे भांडवली खर्चाला, म्हणजे विमाने, जहाजे, तोफा, जमीन, बांधकामे यांना जातात. ४५ रुपये ७६ पैसे सैन्यदलांच्या महसुली खर्चाचे. त्यात पगार-भत्ते आहेत, तसेच शिधा, इंधन, दारूगोळा, सुटे भाग आणि दुरुस्तीही आहे. २३ रुपये ६० पैसे निवृत्तिवेतनाचे. उरलेले सव्वाचार रुपये नागरी विभागाकडे, ज्यातून सीमा रस्ते संघटना आणि तटरक्षक दल यांसारख्या यंत्रणा चालतात. पगार आणि निवृत्तिवेतन एकत्र धरले तर शंभरातले निम्म्याहून अधिक रुपये माणसांवर खर्च होतात. निवृत्तिवेतनाची रक्कम १,६०,७९५ कोटी आहे आणि ती ३४ लाखांच्या आसपास लोकांना मिळते. त्यांत संरक्षण खात्यातील नागरी कर्मचारीही आहेत, ही गोष्ट टीका करणारे बहुधा विसरतात.

ढोबळमानाने पाहिले तर २०१३-१४ मध्ये भांडवली खर्चाचा वाटा एकूण तरतुदीच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक होता. तो आज एक-चतुर्थांशाच्या जरा वर आहे. मधल्या काळात ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजना लागू झाली (घोषणा २०१५ ची, अंमल १ जुलै २०१४ पासून) आणि सातव्या वेतन आयोगाची वाढही आली. तेव्हा गणित नाकारता येत नाही. मात्र निवृत्तिवेतन ही सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे. ते पुढे ढकललेले वेतन आहे. सैनिक ऐन चाळिशीत घरी परततो, कारण फौजेला तरुण माणसे हवी असतात. ज्या वयात इतर नोकरदारांची बढती होत असते, त्या वयात त्याची नोकरी संपते, आणि या सोयीची किंमत कोणीतरी मोजायचीच असते. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली, उदाहरणार्थ ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाणारे आपल्याच जिल्ह्यातील गाव, तेथे दर महिन्याला येणारे हे पैसे घरबांधणी, मुलांची शिक्षणे, विहीर-पाइपलाइन यांत मुरलेले दिसतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा मागणीला आधार देणारा खर्च आहे, आणि तो आयातीत वाहून जात नाही, हा त्याचा गुण.

जून २०२२ मध्ये आलेली अग्निपथ योजना या पेचावरचाच एक तोडगा आहे. चार वर्षांची सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करणे आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतनाऐवजी व्याजासह सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, असा तिचा आराखडा आहे. तिच्यामुळे निवृत्तिवेतनाचा भार लगेच उतरेल, अशी समजूत मात्र चुकीची आहे, कारण ज्यांचे निवृत्तिवेतन आज चालू आहे किंवा जे जुन्या अटींवर सेवेत आहेत, त्यांचे देणे पुढची कित्येक दशके राहणारच. बचत झालीच तर ती दोन-तीन दशकांनंतर दिसेल. तोवर शस्त्रखरेदी थांबवून ठेवता येणार नाही, म्हणून आपल्या निवृत्तिवेतनाकडे बोट दाखवून खरेदीचा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न : मग नवी शस्त्रे घेण्यासाठी खरोखर किती पैसा उरतो? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी आहेत. त्यांपैकी सुमारे १.४९ लाख कोटी थेट शस्त्रास्त्रे आणि सामग्रीच्या खरेदीचे. पण हा आकडा पाहून ‘एवढ्याचे नवे करार होतील’ असे समजू नये. मोठी खरेदी हप्त्यांनी होते. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली आणि सहावी, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे एका करारापोटी जवळपास वीस अर्थसंकल्पांतून रकमा गेल्या. दरवर्षीच्या तरतुदीचा मोठा हिस्सा अशा जुन्या करारांची ‘बांधील देणी’ भागवण्यातच जातो, आणि नव्या करारांसाठी जे उरते ते त्यानंतरचे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ मध्ये पुढे आले. लष्कराचे तत्कालीन उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरथ चंद यांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे सांगितले, की त्या वर्षी लष्कराला आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये हे चालू असलेल्या १२५ योजनांच्या २९,०३३ कोटींच्या बांधील देण्यांनाही पुरे पडणारे नव्हते. आपली ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के सद्यकालीन आणि फक्त आठ टक्के अद्ययावत आहे, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले. आदर्श स्थितीत हे तिन्ही भाग साधारण सारखे असावेत अशी अपेक्षा असते. त्याआधी २०१३ मध्ये चीन सीमेसाठी सुमारे ६४ हजार कोटी रुपये खर्चाच्या ‘माउंटन स्ट्राइक कोअर’ला, म्हणजे डोंगराळ प्रदेशात चढाई करू शकेल अशा मोठ्या सैन्यदलाला, मंजुरी मिळाली होती आणि पुढे पैशांअभावी तिची उभारणी अर्ध्यावर थांबली. मंजुरी देणारे आणि पैसे देणारे एकाच सरकारचे भाग असूनही दोघांच्या वह्या वेगळ्या असतात, हे त्यातून दिसले.

प्रश्न : युद्धसामग्रीवर खर्च केला की कारखाने चालतात, रोजगार वाढतो, म्हणजे अर्थव्यवस्थाही वाढते, असे आम्हाला एका व्याख्यानात सांगण्यात आले. अर्थशास्त्राचा यावर काय निष्कर्ष आहे? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर)

आपल्या व्याख्यात्यांच्या म्हणण्यामागे एक जुना अभ्यास असावा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ एमिल बेनोआ यांनी १९७० च्या दशकात ४४ विकसनशील देशांची १९५० ते १९६५ या काळातील आकडेवारी तपासली आणि ज्या देशांत संरक्षणखर्चाचे ओझे अधिक, तेथे नागरी अर्थव्यवस्थेची वाढही अधिक, असे त्यांना आढळले. सैन्यात माणसांना शिस्त, यंत्रे हाताळण्याचे शिक्षण आणि आधुनिक जीवनाची ओळख मिळते, रस्ते आणि दळणवळण सुधारते, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढील अभ्यासकांनी हा निष्कर्ष बराच उलटसुलट तपासला. ज्या देशांना त्या काळी परदेशी मदत भरपूर मिळत होती, तेच सैन्यावर जास्त खर्च करू शकत होते आणि तेच वेगाने वाढत होते, हा सर्वांत वजनदार आक्षेप. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे ठरत नाही. आज या विषयावर शेकडो शोधनिबंध आहेत आणि त्यांचे निष्कर्ष देशागणिक, कालखंडागणिक बदलतात.

तरीही काही गोष्टी पुरेशा खात्रीने सांगता येतात. मंदीत, कामगार आणि यंत्रे रिकामी असताना सरकारने कशावरही खर्च केला तरी मागणी वाढते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याचा अनुभव घेतला. पण तोच परिणाम धरणे, रेल्वे किंवा घरे बांधूनही मिळतो, आणि त्यांतून पुढेही उत्पन्न होत राहते. रणगाडा तयार झाला की त्यातून पुढे काही पिकत नाही. त्याचे काम आहे ते युद्ध टाळण्याचे, आणि ते काम त्याने नीट केले तर त्याचा हिशेब कोणत्याच खातेवहीत दिसत नाही. ‘सुरक्षा’ ही अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने सार्वजनिक वस्तू आहे. ती सगळ्यांना सारखीच मिळते, कोणाला वगळता येत नाही, आणि म्हणूनच ती बाजारातून विकत घेता येत नाही. तिच्यासाठी खर्च करायचा तो सुरक्षेसाठी; वाढीसाठी खर्च करायचा असेल तर त्याहून स्वस्त आणि खात्रीचे मार्ग उपलब्ध आहेत.

संशोधनाचा मुद्दा मात्र वेगळा. आजचे इंटरनेट ज्यातून उगवले ते अर्पानेट, तसेच जीपीएस, ही अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभी राहिली. तेथे संरक्षण संशोधन विद्यापीठे आणि खासगी कंपन्यांत झिरपते. सोव्हिएत संघातही संरक्षण संशोधन प्रचंड होते, परंतु ते बंदिस्त शहरांत आणि गुप्ततेच्या भिंतींआड राहिले. तेथील नागरिकाला चांगला फ्रिजसुद्धा त्यातून मिळाला नाही. भारतात संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेला, म्हणजे डीआरडीओला, २०२५-२६ साठी सुमारे २६,८१७ कोटी रुपये आहेत. पुण्यातील पाषाण येथील तिच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘पिनाक’ प्रणालीची रॉकेटे आज नागपूरच्या खासगी कंपनीतही तयार होतात, आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ देशी तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा जो करार झाला, त्यातील मोठा वाटा पुण्याच्या एका कंपनीकडे गेला. ही तोफदेखील पाषाणच्याच प्रयोगशाळेच्या पुढाकाराने तयार झालेली आहे. आपल्याला हव्या त्या प्रकारचे झिरपणे येथे दिसते, जरी त्याला फार उशीर झाला असला तरी. खासगी उद्योगाला या क्षेत्रात बरोबरीने घ्यावे, असे अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २००५ मध्येच सांगितले होते.

गळती कोठे होते, हेही पाहावे. शंभर रुपयांची विमाने परदेशातून घेतली तर मागणी फ्रान्समध्ये वाढते. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांसाठी झालेला करार सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा होता. देशात बनवलेल्या वस्तूतही परदेशी भाग किती, हे विचारावे लागते. तेजस लढाऊ विमानाची एक उत्पादनसाखळी आता ओझरला आहे आणि तेथून पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले, ही नाशिककरांसाठी आनंदाची गोष्ट. पण त्याचे इंजिन अमेरिकेतून येते, आणि २०२१ मध्ये मागणी नोंदवलेल्या ८३ विमानांचा पुरवठा रखडण्याचे मोठे कारण ती इंजिने वेळेवर न येणे हेच होते. २०२०-२४ या काळात जगातील सर्वांत मोठ्या शस्त्र-आयातदारांत युक्रेनखालोखाल आपला क्रमांक होता. देशी उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींच्या वर गेले आणि निर्यात २३,६२२ कोटींवर पोहोचली. २०१३-१४ मध्ये ती ६८६ कोटी होती. वाढ खरी आणि मोठी आहे. तिच्या जाहिरातीत मात्र शेवटच्या जुळणीचे मोल आणि देशात घडलेले मोल यांत फरक केला जात नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र महिनोन्‌महिने बंद असते. तोफा-विमानांवरचे पैसे इकडे वळवले तर काय बिघडेल? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

आपली खंत योग्य आहे, परंतु त्या यंत्राच्या दुरुस्तीचे पैसे दिल्लीच्या संरक्षण खात्यात अडकलेले नाहीत. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे आणि शाळांचा बहुतांश खर्चही राज्येच करतात. केंद्राच्या अर्थसंकल्पात आरोग्याला सुमारे एक लाख कोटी आणि संरक्षणाला पावणेसात लाख कोटींच्या वर, ही तुलना समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. तिच्यात राज्यांचा खर्च गायब असतो. महाराष्ट्र राज्याचा २०२५-२६ चा एकूण अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे, म्हणजे देशाच्या संपूर्ण संरक्षण तरतुदीपेक्षा थोडा मोठाच. आपला प्रश्न मुंबईला विचारावा लागेल.

तरीसुद्धा ‘एक वाढवले की दुसरे घटते’ हे तत्त्व खोटे नाही, आणि आपल्या पिढीने ते अनुभवलेले असेल. १९६२ च्या चीन युद्धापूर्वी संरक्षणखर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच ठेवला जाई. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. त्यामागची बेरीज मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद ८६७ कोटींवर नेण्यात आली. आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या ती दुपटीहून अधिक होती. हा पैसा उभा करण्यासाठी तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी करांत मोठी वाढ केली आणि सक्तीच्या ठेवींची योजना आणली. त्याच वर्षी आलेल्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई केली, आणि परकीय चलन वाचवण्याच्या त्या उपायात पेठापेठांतल्या कारागीर सोनारांचे धंदे बसले. यशवंतरावांच्या काळात १९६४-६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. लष्कराचे मनुष्यबळ सव्वाआठ लाख आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या हे तिचे उद्दिष्ट. पुढे १९६५ चे युद्ध, परदेशी मदत थांबणे आणि सलग दुष्काळ यांच्या माऱ्यात जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे पुढे गेली. एका युद्धाची तयारी न केल्याची किंमत किती प्रकारच्या माणसांनी चुकवली, ते यात दिसते. तयारीवर थोडा थोडा, सलग खर्च करणे हे संकट आल्यावर एकदम दुप्पट करण्यापेक्षा स्वस्त पडते, असे आम्ही म्हणतो ते याच अनुभवावरून.

प्रश्न : सीमा सुरक्षा दल, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांचा खर्च संरक्षण अर्थसंकल्पात येतो का? (बीड)

नाही. ही दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. अण्वस्त्रांशी संबंधित बराच खर्चही अणुऊर्जा विभागाच्या वहीत असतो.

प्रश्न : चीन आपल्या तिप्पट-चौपट खर्च करतो. आपण ही दरी कधी भरून काढणार? (लघुउद्योजक, वसई)

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. अमेरिका ९९७ अब्जांसह पहिली, चीन सुमारे ३१४ अब्जांसह दुसरा, आणि भारत ८६ अब्जांसह पाचवा. (ही संस्था निमलष्करी दलांचाही खर्च धरते, त्यामुळे तिच्या मते आपले प्रमाण जीडीपीच्या २.३ टक्के भरते.) आपण विचारलेल्या दरीचे मर्म असे, की चीन आपल्या जीडीपीच्या सुमारे १.७ टक्केच खर्च करतो, म्हणजे टक्केवारीत आपल्यापेक्षा कमी. त्याची अर्थव्यवस्था आपल्या जवळपास पाचपट असल्यामुळे तेवढ्यात त्याचे भागते. त्याची बरोबरी साधायची म्हटली तर आपल्याला आठ टक्क्यांच्या पुढे जावे लागेल. रशिया आज युद्ध लढत असताना सुमारे सात टक्क्यांवर आहे. तेव्हा खर्चाच्या बरोबरीने ही दरी भरणार नाही. आपल्याला लागते ती आक्रमणाची किंमत समोरच्याला परवडू नये इतकी ताकद, आणि मागे वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था. डॉलरमधील तुलना थोडी फसवीही असते, कारण जवानाचा पगार, शिधा आणि रस्ते रुपयांत स्वस्त पडतात; आयात इंजिनाला मात्र ही सवलत नाही.

प्रश्न : माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, आता मी आहे. महामंडळे झाल्यापासून आमचे भवितव्य संरक्षण अर्थसंकल्पाशी जोडलेले राहिले की नाही, हेच कळत नाही. (भुसावळ तालुका)

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्यांची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली. दारूगोळ्याच्या निर्माण्या ज्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेल्या, तिचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि ‘यंत्र इंडिया’चे नागपुरात. खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी या साऱ्या गावांची अर्थव्यवस्था निर्माणीच्या भोंग्यावर चालत आली असल्यामुळे आपली चिंता एकट्याची नाही. पूर्वी निर्माण्यांचा खर्च थेट अर्थसंकल्पातून भागत असे आणि फौजेने माल उचललाच पाहिजे अशी व्यवस्था होती. आता उत्पन्न मागणीपत्रांतून यायचे आहे. जुने कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी सेवेत राहूनच कंपनीत पाठवल्यासारखे, असून त्यांच्या सेवाशर्ती कायम ठेवण्यात आल्या आहेत. अर्थसंकल्पाशी नाते तुटलेले नाही, पण ते आता फौजेच्या खरेदीमार्फत आहे, आणि युरोपात तोफगोळ्यांची टंचाई असल्यामुळे काही प्रमाणात परदेशी मागणीमार्फतही. ज्या निर्माणीकडे असा गोळा किंवा स्फोटक आहे तिला सध्या काम भरपूर आहे. जिच्याकडे गणवेश आणि तंबू आहेत तिच्यासाठी स्पर्धा कठीण आहे. आपली निर्माणी बंदुकीच्या गोळ्यांची असल्याने ती दुसऱ्या गटात मोडत नाही.

प्रश्न : एकीकडे पैसे कमी पडतात म्हणतात आणि दुसरीकडे संरक्षण खात्याचे पैसे खर्च न होता परत जातात, हे कसे? (लेखापाल, कोल्हापूर)

मार्चअखेरीची धावपळ आपल्याला सांगायला नको. अर्थसंकल्पातील रक्कम ३१ मार्चला खर्च झाली नसेल तर ती व्यपगत होते, म्हणजे तिची मंजुरी संपते. दीड-दोन दशके चालणाऱ्या खरेदीला हे वार्षिक वेळापत्रक मुळात मानवत नाही. चाचणी लांबली, पुरवठादार अडला, किमतीवर बोलणी रेंगाळली, की त्या वर्षाचा हप्ता राहून जातो. २०२४-२५ मध्ये भांडवली तरतूद १.७२ लाख कोटी होती आणि सुधारित अंदाजात ती १.५९ लाख कोटींच्या आसपास आणली गेली. त्याच वर्षी खात्याने २.०९ लाख कोटींहून अधिक किमतीचे १९३ करारही केले. या दोन बातम्या एकमेकींना खोडत नाहीत, कारण करार म्हणजे भविष्यातील देण्याचे वचन आणि तरतूद म्हणजे या वर्षाची रोकड. एका मोठ्या करारातील, उदाहरणार्थ ‘प्रचंड’ जातीच्या १५६ हेलिकॉप्टरांच्या सुमारे ६२ हजार कोटींच्या खरेदीतील, पहिल्या वर्षी फार थोडी रक्कम द्यावी लागते.

यावर उपाय म्हणून व्यपगत न होणारा स्वतंत्र निधी असावा, ही मागणी जुनी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा यांकरिता सुमारे २.३८ लाख कोटींच्या अशा निधीची शिफारस केली. केंद्राने ती तत्त्वतः मान्य केली, पण अंमलबजावणी लांबत गेली; अर्थ खात्याचा जुना आक्षेप असा, की एका खात्याला अशी मुभा दिली तर रेल्वे, सिंचन सगळेच ती मागतील आणि संसदेचे वार्षिक नियंत्रण सैल पडेल. आक्षेप अगदी पोकळ नाही. पण वीस वर्षांच्या पाणबुडी कराराचे पैसे दर एप्रिलला नव्याने मागण्यापेक्षा, संसदेने एकदा मंजूर केलेल्या खरेदीपुरती तरी ही सूट द्यायला हरकत नसावी, असे आम्हाला वाटते. आपल्यासारख्या लेखापालांचे यावर वेगळे मत असल्यास ते अवश्य कळवावे.